विश्लेषण : चार चौकटींपासून दीड लाख पानांपर्यंत… चित्रकलेच्या शाळेत न गेलेले ओसामू तेझुका ‘मांगा’चे शिल्पकार कसे झाले?

टीव्हीवरचा डोरेमॉन महाराष्ट्रातल्या लहान मुलांना वेगळा सांगावा लागत नाही. हा निळा रोबो-बोका ज्यांच्या नावाने प्रसिद्ध झाला, ती चित्रकारांची जोडी शाळकरी वयात एका माणसाची चित्रे पाहून भारावली होती. त्या माणसाचे नाव ओसामू तेझुका. जपानमध्ये त्यांना ‘मांगाचा देव’ म्हटले जाते. सुमारे सातशे चित्रकथा आणि दीड लाखाच्या आसपास पाने एवढे काम त्यांनी मागे ठेवले. पण त्यांनी चित्रकलेचे रीतसर शिक्षण कधीच घेतले नव्हते. शिक्षण घेतले ते वैद्यकीचे. चित्रकार म्हणून ते घडले ते छोट्या छोट्या गोष्टी काढत, छापत आणि पुन्हा काढत. इतकेच नव्हे, तर कारकीर्द संपली असे सगळ्यांना वाटू लागले तेव्हाही त्यांना सावरले ते छोट्या गोष्टींनीच.

मांगा म्हणजे नेमके काय?

मांगा म्हणजे जपानी चित्रकथा. पान चौकटींत विभागलेले असते, संवाद फुग्यांत असतात आणि वाचन उजवीकडून डावीकडे होते. वर्तमानपत्रातल्या चित्रपट्टीसारखी अवघ्या चार चौकटींत संपणारी गोष्टही मांगाच आणि वर्षानुवर्षे चालणारी हजारो पानांची कादंबरीही मांगाच. या दोन टोकांच्या मध्ये एका अंकात सुरू होऊन त्याच अंकात संपणारी लघुकथा येते. साधारण २० ते ४० पानांची.

चार चौकटींच्या गोष्टीचे एक ठरलेले गणित आहे. पहिल्या चौकटीत सुरुवात, दुसरीत ती पुढे सरकते, तिसरीत अनपेक्षित वळण येते आणि चौथीत शेवट. पाल्हाळाला जागाच नसते. तिसऱ्या चौकटीतले वळण फसले की गोष्ट फसली. तेझुका यांची छापील कारकीर्द सुरू झाली ती याच चार चौकटींतून.

चित्रांची गोडी कुठून लागली?

तेझुका यांचा जन्म ३ नोव्हेंबर १९२८ रोजी ओसाका प्रांतातील तोयोनाका येथे झाला. ते पाच वर्षांचे असताना कुटुंब शेजारच्या ह्योगो प्रांतातील ताकाराझुका या गावी राहायला गेले. हे गाव प्रसिद्ध आहे ते तिथल्या नाट्यमंडळीमुळे. ताकाराझुका नाट्यसंस्थेत सर्व भूमिका स्त्रियाच करतात, पुरुषांच्यासुद्धा. आई लहानग्या ओसामूला ही संगीत नाटके पाहायला नेत असे. भडक वेशभूषा, मोठे डोळे दिसावेत अशी रंगभूषा, मुलाच्या वेशातल्या मुली हे सारे त्याच्या मनात मुरत गेले. पुढे तेझुका यांच्या पात्रांना आलेले टपोरे डोळे आणि राजपुत्राच्या वेशात वावरणारी त्यांची राजकन्या यांच्यामागे हीच रंगभूमी होती.

वडिलांना चित्रपटांचा नाद होता. घरात छोटा प्रोजेक्टर होता आणि चार्ली चॅप्लिन, मिकी माउस यांच्या फिती भिंतीवर दाखवल्या जात. आई चित्रकथा वाचून दाखवताना प्रत्येक पात्राला वेगळा आवाज देई. मुलाने मांगा वाचू नये असे मानणारी घरे त्या काळी जपानमध्ये पुष्कळ होती. या घरात मात्र मांगाची पुस्तके कपाटात रांगेने लावलेली होती.

शाळेत मात्र सुख नव्हते. किरकोळ अंगयष्टी, कुरळे केस आणि चष्मा यांमुळे ओसामूला मुले चिडवत, त्रास देत. त्याच्याकडे प्रतिकाराचे एकच साधन होते, ते म्हणजे पेन्सिल. तो चित्रे काढतो हे कळल्यावर चिडवणारी मुलेच चित्रे पाहायला जवळ येऊ लागली. एकदा त्याची मांगाची वही शिक्षकांनी जप्त केली. पण ती शिक्षकांच्या खोलीत हातोहात फिरली आणि त्यानंतर त्याच्या चित्रांना कोणी आडकाठी केली नाही. गोष्ट चांगली असेल तर माणसे आपल्याकडे वळतात, हा धडा त्याला प्राथमिक शाळेतच मिळाला.

दुसरा नाद किड्यांचा. रानात हिंडून तो किडे गोळा करी आणि त्यांच्या पायांच्या सांध्यांपासून पंखांच्या रेषांपर्यंत सारे बारकाईने काढी. जपानी भाषेत एका भुंगेऱ्याचे नाव आहे ‘ओसामुशी’. आपल्या नावाशी ते जुळते हे लक्षात आल्यावर त्याने स्वतःच्या नावाला ‘किडा’ या अर्थाचे अक्षर जोडले. हेच पुढे त्यांचे कायमचे टोपणनाव झाले. चित्रकलेच्या शाळेत मॉडेल समोर बसवून जे निरीक्षण शिकवतात, ते या मुलाने किड्यांकडून शिकून घेतले.

युद्धाने काय हिरावले आणि काय दिले?

१९४१ मध्ये ओसामू ओसाकातील कितानो माध्यमिक शाळेत दाखल झाला आणि त्याच वर्षी जपान महायुद्धात ओढला गेला. पुढे शाळेतले तास कमी होत गेले आणि कवायती वाढल्या. १९४४ मध्ये सक्तीच्या प्रशिक्षण शिबिरात असताना त्याच्या दोन्ही हातांना बुरशीचा संसर्ग झाला. हात कापावे लागतील की काय अशी वेळ आली. उपचार करणाऱ्या डॉक्टरांमुळे हात वाचले. पुढे वैद्यकीकडे वळण्याचे कारण सांगताना ते या प्रसंगाचा उल्लेख करत.

त्यानंतर त्याला ओसाकातल्या एका युद्धसामग्रीच्या कारखान्यात कामाला जुंपले गेले. अशा दिवसांत मांगा काढणे म्हणजे देशद्रोहच समजला जाई. ओसामूने त्यावरही मार्ग शोधला. तो चित्रे काढून कारखान्याच्या शौचालयात चिकटवून ठेवी. आत जाणाऱ्याला निवांत वाचता येई आणि चित्रकाराचे नावही कळत नसे. ही त्याची पहिली ‘प्रकाशने’.

जून १९४५ मध्ये ओसाकावर बॉम्बहल्ला झाला तेव्हा तो कारखान्याच्या टेहळणी मनोऱ्यावर होता. आगीचे बॉम्ब जवळच पडले. आजूबाजूला माणसे मेली, तो वाचला. नदीकाठी पसरलेली प्रेते पाहत तो चालत घरी परतला. ऑगस्टमध्ये जपानने शरणागती पत्करली. ओसाकात पुन्हा दिवे लागलेले पाहून आपण जिवंत आहोत आणि आता चित्रे काढू शकतो, या जाणिवेने आपण हरखून गेलो होतो, असे त्यांनी पुढे अनेकदा सांगितले.

हा अनुभव त्यांनी जवळपास तीस वर्षे मनात ठेवला आणि १९७४ मध्ये ‘कागदी किल्ला’ या छोट्या कथेत मांडला. त्यात कारखान्यात राबणारा, लपूनछपून मांगा काढणारा मुलगा आहे आणि गायिका होऊ पाहणारी एक मुलगी आहे. युद्ध संपते. मुलाला चित्रे काढायची मोकळीक मिळते. पण बॉम्बहल्ल्यात चेहरा भाजलेल्या मुलीचे रंगमंचावर गाण्याचे स्वप्न संपलेले असते. मोजक्या पानांच्या या कथेत ना कोणी खलनायक आहे, ना विजयाचा क्षण. एकाच दिवशी एकाला मिळालेले आयुष्य आणि दुसरीचे हुकलेले आयुष्य तेवढे समोर येते.

पहिली संधी कशी मिळाली?

युद्ध संपण्याच्या आधी काही आठवडे तेझुका यांनी ओसाका विद्यापीठाच्या वैद्यकीय अभ्यासक्रमाला प्रवेश घेतला होता. युद्धानंतर अन्नाचा तुटवडा होता, कागदाचाही तुटवडा होता. अशा काळात ४ जानेवारी १९४६ रोजी मुलांच्या एका वर्तमानपत्रात ‘मा-चानची रोजनिशी’ ही त्यांची चार चौकटींची मालिका सुरू झाली. तेव्हा ते १७ वर्षांचे होते.

मा-चान हा लहान खोडकर मुलगा. पराभूत देशातली तंगी, रस्त्यांवरचे अमेरिकी सैनिक, मुलांचे खेळ यांतून रोज एक छोटी गंमत. वर्तमानपत्रात रोज जागा तेवढीच आणि वेळही तेवढाच. काल जमले नाही म्हणून आज सुट्टी नाही. चित्रकलेच्या शाळेत चुकलेले चित्र शिक्षक तपासतात. इथे चुकलेले चित्र छापून हजारो घरांत जात होते. या शिक्षणाला दया-माया नव्हती, पण हात झपाट्याने तयार होत होता.

‘नव्या खजिना बेटा’ने खळबळ का उडवली?

त्या काळात ओसाकामध्ये ‘आकाहोन’ म्हणजे ‘लाल पुस्तके’ जोरात खपत. स्वस्त कागद, भडक लाल रंगाची मुखपृष्ठे, पुस्तकांच्या दुकानांपेक्षा खेळण्यांच्या आणि गोळ्या-बिस्किटांच्या दुकानांत विक्री. प्रतिष्ठित प्रकाशक याकडे नाक मुरडत. पण नवख्यांना इथे वाव मिळत होता.

ज्येष्ठ व्यंगचित्रकार साकाई शिचिमा यांच्या कथाकल्पनेवर तेझुका यांनी ‘शिन ताकाराजिमा’ म्हणजे ‘नवे खजिना बेट’ हे पुस्तक चितारले. १९४७ च्या सुरुवातीला ते बाहेर आले आणि त्याच्या चार लाख प्रती खपल्याचे सांगितले जाते. सुरुवातीलाच एक मुलगा मोटार भरधाव हाकत बंदराकडे निघालेला दिसतो. गाडी दुरून येते, जवळ येते, वळते. वाचणाऱ्या मुलांना कागदावर सिनेमा पाहिल्यासारखे वाटले. घरच्या भिंतीवर पाहिलेल्या फितींचा हा परिणाम होता. असा प्रयोग जपानमध्ये अगदी प्रथमच झाला का, यावर अभ्यासकांत मतभेद आहेत, कारण युद्धापूर्वीच्या काही मांगांतही अशी दृश्ये सापडतात. पण एका पिढीने चित्रकार व्हायचे ठरवले ते हे पुस्तक वाचून, याबद्दल वाद नाही.

तेझुका स्वतः मात्र या यशावर फारसे खूश नव्हते. साकाई यांनी त्यांची पाने कमी केली होती आणि काही चेहरेही बदलले होते. आपली गोष्ट पूर्णपणे आपल्या हातात असली पाहिजे, हे त्यांनी यातून मनाशी पक्के केले. १९४८ ते १९५१ या काळात ‘लॉस्ट वर्ल्ड’, ‘मेट्रोपोलिस’ आणि ‘नेक्स्ट वर्ल्ड’ या त्यांच्या तीन विज्ञानकथा आल्या. त्यांत दुःखाचा शेवट करण्याचे धाडस होते. मुलांच्या चित्रकथेत पात्र मरू शकते, हे तेव्हा अनेकांना पटणारे नव्हते.

डॉक्टर की चित्रकार?

हे सगळे चालू असताना तेझुका वैद्यकीय महाविद्यालयात जात होते. व्याख्यान चालू असताना वहीत मांगा काढत होते. डॉक्टर होण्यापेक्षा मांगाच काढ, असा सल्ला त्यांना खुद्द प्राध्यापकांनीच दिला. आईला विचारले तेव्हा तिने, तुला मनापासून जे आवडते तेच कर, असे सांगितले. त्या काळात डॉक्टरकी म्हणजे घराण्याची इभ्रत आणि मांगा म्हणजे लाल पुस्तकांचा धंदा. त्यांचे पणजोबाही वैद्य होते. तरीही आईने मुलाच्या मनाचा कौल मानला.

तेझुका यांनी शिक्षण अर्धवट सोडले नाही. १९५१ मध्ये अभ्यासक्रम पूर्ण केला, १९५२ मध्ये वैद्यकीय परीक्षा उत्तीर्ण केली. पुढे प्रसिद्धीच्या शिखरावर असताना, १९६१ मध्ये, नारा वैद्यकीय विद्यापीठाची डॉक्टरेटही मिळवली. विषय होता पाणगोगलगायीच्या शुक्रपेशींच्या पटलांची सूक्ष्म रचना. किड्यांची चित्रे काढणारा मुलगा अजून आत शाबूत होता. दवाखाना मात्र त्यांनी कधीच थाटला नाही.

गुरूशिवाय शिकण्याची रीत काय होती?

पहिली रीत नक्कल करण्याची. डिस्ने यांच्या चित्रपटांचा त्यांच्यावरचा प्रभाव उघड आहे आणि त्यांनी तो लपवलाही नाही. ‘बांबी’ आपण ८० हून अधिक वेळा पाहिला, असे ते सांगत. पाहायचे, घरी येऊन काढायचे, चुकले की पुन्हा पाहायला जायचे.

दुसरी रीत छाटणीची. एखादी कथा छापली जाण्यापूर्वी ते छापलेल्या पानांपेक्षा कितीतरी जास्त पाने काढत आणि टाकून देत. त्यांना भेटायला गेलेल्या तरुण चित्रकारांना धक्का बसला तो त्यांच्या छापील चित्रांनी नव्हे, तर या टाकलेल्या पानांच्या ढिगाने.

तिसरी रीत नाटक कंपनीची. तेझुका यांनी आपल्या पात्रांची एक मंडळीच उभी केली होती. मिशीवाला म्हातारा गुप्तहेर, सुंदर पण बिघडत जाणारा रॉक अशी तीच पात्रे वेगवेगळ्या कथांत वेगवेगळ्या भूमिका घेऊन येत, जसे नट नाटकागणिक भूमिका बदलतात. छोट्या कथेत याचा मोठा फायदा होतो. वाचकाला चेहरा ओळखीचा असतो, त्यामुळे ओळख करून देण्यात पाने जात नाहीत.

आपल्याला चित्रकार म्हणून फार वरचा दर्जा नाही, असे ते स्वतःच मानत. आपली चित्रे ही खरे तर खुणा आहेत, अक्षरांसारख्या, अशी त्यांची मांडणी होती. डोळे विस्फारले की आश्चर्य, कपाळावर थेंब की घाबरगुंडी. या खुणांची जुळणी करून आपण गोष्ट ‘लिहितो’, असे त्यांना वाटे. औपचारिक शिक्षण नसल्याची उणीव त्यांनी अशी स्वतःच्या पद्धतीत बदलून टाकली.

तोकिवा-सो हे घर महत्त्वाचे का?

१९५० मध्ये ‘मांगा शोनेन’ मासिकात ‘जंगल सम्राट’ ही पांढऱ्या सिंहाची कथा आणि १९५२ मध्ये ‘शोनेन’ मासिकात ‘अ‍ॅस्ट्रो बॉय’ सुरू झाली. हा अणुशक्तीवर चालणारा रोबो-मुलगा युद्धोत्तर जपानचा लाडका झाला. तेझुका टोकियोला आले आणि १९५३ मध्ये तोकिवा-सो नावाच्या साध्या लाकडी भाड्याच्या इमारतीत राहू लागले. ‘मांगा शोनेन’मध्ये वाचकांनी पाठवलेली चित्रे छापली जात, शिवाय तेझुका मांगा कशी काढावी याचे धडे देणारी मालिकाही चालवत. त्या पानांवर शिकलेली मुले एकामागून एक तोकिवा-सोमध्ये राहायला आली.

तेझुका यांनी सोडलेल्या खोलीत फुजिको फुजिओ ही जोडी आली. पुढे याच जोडीच्या नावाने डोरेमॉन प्रसिद्ध झाला. शोतारो इशिनोमोरी, फुजिओ आकात्सुका हेही तिथलेच. ज्याला कोणी शिकवले नव्हते, त्याच्या भोवती अशी एक शाळाच उभी राहिली.

हा देव डगमगला कधी?

पन्नाशीच्या दशकाच्या अखेरीस ‘गेकिगा’ नावाचा नवा प्रवाह आला. योशिहिरो तात्सुमी आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या या कथा प्रौढांसाठी होत्या. गडद, वास्तव, शहरातल्या कष्टकऱ्यांच्या. तेझुका यांचे मदतनीससुद्धा त्या आवडीने वाचू लागले. तेझुका अस्वस्थ झाले. तरुण प्रतिस्पर्ध्यांबद्दल त्यांना वाटणारा मत्सर जपानी मांगा जगतात सर्वांना माहीत होता. पण ते हेवा करून थांबत नसत. ज्याचा हेवा वाटला त्याची रीत शिकून आपल्या कथेत आणत.

दुसरीकडे ते ॲनिमेशनकडे वळले. १९६१ मध्ये त्यांनी मुशी प्रॉडक्शन ही कंपनी काढली. ‘मुशी’ म्हणजे किडा. १ जानेवारी १९६३ पासून ‘अ‍ॅस्ट्रो बॉय’ दर आठवड्याला अर्धा तास टीव्हीवर येऊ लागला. सेकंदाला २४ चित्रे काढणे परवडणारे नव्हते. म्हणून तेच चित्र तीन फ्रेम दाखवायचे, जुनी चित्रे पुन्हा वापरायची, फक्त ओठ हलवायचे अशा युक्त्या केल्या गेल्या. मालिका स्वस्तात विकून तोटा खेळण्यांच्या हक्कांतून भरून काढण्यात आला. जपानी ॲनिमेशन उद्योगाचा पाया इथे घातला गेला. तिथल्या कलाकारांना अपुरा मोबदला मिळण्याचे मूळही याच निर्णयात आहे, अशी टीका आजही होते.

सत्तरीच्या सुरुवातीला तेझुका जुने झाले, असे बोलले जाऊ लागले. ऑगस्ट १९७३ मध्ये त्यांची एक कंपनी बुडाली आणि नोव्हेंबरमध्ये मुशी प्रॉडक्शनही दिवाळखोरीत निघाली. कर्जाचा डोंगर होता, हाताशी लोकप्रिय मालिका नव्हती. वय पंचेचाळीस.

छोट्या गोष्टींनी पुन्हा कसे सावरले?

या पडत्या काळातही तेझुका यांनी एक गोष्ट सोडली नव्हती, लघुकथा काढणे. १९५६ मध्येच त्यांनी ‘लायन बुक्स’ या नावाने स्वतंत्र लघुकथांची मालिका सुरू केली होती. साठीच्या दशकाच्या शेवटी ‘हवेच्या तळाशी’ आणि ‘द क्रेटर’ या मालिकांत त्यांनी एकेका अंकात संपणाऱ्या, अंधाऱ्या, बेचैन करणाऱ्या कथा काढल्या. मोठ्या मालिका फसत असताना या कथांत त्यांनी नवी रेषा, नवे शेवट तपासून पाहिले.

नोव्हेंबर १९७३ मध्ये, म्हणजे कंपनी बुडाली त्याच सुमारास, ‘शोनेन चॅम्पियन’ या साप्ताहिकात ‘ब्लॅक जॅक’ सुरू झाली. मूळ बेत काही भागांपुरताच होता. ज्येष्ठ चित्रकाराला सन्मानाने निरोप द्यावा, अशीच संपादकांची भावना होती, असे सांगितले जाते. पण मालिका थांबली नाही. १९७८ पर्यंत ती नियमित आणि १९८३ पर्यंत अधूनमधून चालली. २४० हून अधिक कथा झाल्या.

ब्लॅक जॅक हा परवाना नसलेला, अफाट पैसे मागणारा शल्यविशारद. चेहऱ्यावर शिवणीची खूण. प्रत्येक कथा सुमारे २० पानांची आणि स्वतंत्र. रुग्ण येतो, त्याचे आयुष्य उलगडते, शस्त्रक्रिया होते आणि शेवटी एक वळण येते. मा-चानच्या चार चौकटींचेच गणित, फक्त आता त्यात शरीररचना होती, मरणाची भीती होती आणि अर्धवट राहिलेली डॉक्टरकी होती.

एका कथेत ब्लॅक जॅकला लहानपणी वाचवणारे वृद्ध डॉक्टर मरणशय्येवर असतात. त्यांच्या हातून शस्त्रक्रियेच्या वेळी एक धारदार पाते मुलाच्या शरीरात राहून गेले होते. वर्षांनंतर ते सापडते तेव्हा शरीराने त्याभोवती कॅल्शियमचे कवच चढवलेले असते, शिंपल्याने मोती घडवावा तसे. शरीर आपल्यालाही न कळता स्वतःला वाचवत असते. ब्लॅक जॅक त्यांना वाचवण्यासाठी अचूक शस्त्रक्रिया करतो, तरीही ते जातात. वैद्यकाची ताकद आणि तिची मर्यादा या मोजक्या पानांत मावते. हातांच्या संसर्गातून वाचलेला, मनोऱ्यावर मृत्यू पाहिलेला मुलगाच ही कथा काढू शकला असता.

त्याच काळात, १९७२ ते १९८३, ‘बुद्ध’ ही त्यांची दीर्घ मालिकाही चालू होती. कपिलवस्तूच्या राजपुत्राच्या आयुष्यात त्यांनी स्वतःची काल्पनिक पात्रे सोडली. तिच्या इंग्रजी आवृत्तीला २००४ आणि २००५ मध्ये अमेरिकेतला आयस्नर पुरस्कार मिळाला.

या कामाची किंमत काय होती?

तेझुका एकाच वेळी अनेक मालिका हाताळत. पाने वेळेत मिळावीत म्हणून वेगवेगळ्या मासिकांचे संपादक त्यांच्या दारात ठाण मांडून बसत, कधी त्यांना हॉटेलात कोंडून ठेवत. त्यांच्या ‘ओसामुशी’ या नावावर कोटी करून संपादकांनी त्यांना ‘उशीर करणारा किडा’ आणि ‘थापाड्या किडा’ अशी नावे ठेवली होती. झोप जेमतेम, जेवण वेळी-अवेळी. वय वाढले तसे हातही ऐकेनासे झाले. पूर्वीसारखे गोल सहज निघत नाहीत, अशी खंत त्यांनी जपानी दूरचित्रवाणीच्या एका माहितीपटात व्यक्त केली होती. ज्याच्या सगळ्या पात्रांचे चेहरे गोलापासून सुरू होत, त्या माणसाची ही खंत होती.

१९८८ मध्ये पोटाची शस्त्रक्रिया झाली. जठराचा कर्करोग होता, पण त्या काळच्या जपानी रिवाजाप्रमाणे आजाराचे नाव त्यांना सांगितले गेले नव्हते. रुग्णालयातही ते चित्रे काढत राहिले. अखेरच्या दिवसांत काम करू द्या, अशी विनवणी करत होते. ९ फेब्रुवारी १९८९ रोजी टोकियोत त्यांचे निधन झाले. तीन कथा अपुऱ्या राहिल्या. त्यांपैकी ‘निओ फाउस्ट’ची शेवटची पाने नुसत्या पेन्सिलीच्या कच्च्या रेघांत आहेत.

निधनानंतर आणखी एक गोष्ट उघड झाली. तेझुका आपले जन्मसाल १९२६ सांगत आले होते. प्रत्यक्षात ते दोन वर्षांनी लहान निघाले. मृत्यूसमयी त्यांचे वय अवघे ६० होते.

आज काय उरले आहे?

१९९४ मध्ये ताकाराझुका येथे त्यांच्या नावाचे संग्रहालय उभे राहिले. ज्या गावात त्यांनी किडे वेचले आणि आईचा हात धरून नाटके पाहिली, तिथेच. कोदान्शा या प्रकाशन संस्थेने त्यांचे समग्र साहित्य ४०० खंडांत छापले. या चारशे खंडांत भव्य कादंबऱ्या आहेत, फसलेले प्रयोग आहेत आणि घाईत उरकलेली पानेही आहेत. तेझुका यांचे सगळेच काम थोर नव्हते आणि तसा दावा त्यांचे चाहतेही करत नाहीत.

पण नवशिक्या चित्रकारांना आजही जपानमध्ये दिला जाणारा सल्ला त्यांच्या आयुष्याशी जुळतो. आधी मोठी महाकथा मनात घोळवत बसू नका, छोटी गोष्ट पूर्ण करा. मासिकांच्या नवोदितांसाठीच्या स्पर्धांतही एका अंकात संपणारी कथाच मागितली जाते. तेझुका यांना असा सल्ला देणारे कोणी नव्हते. वयाच्या सतराव्या वर्षी त्यांच्यापुढे फक्त वर्तमानपत्रातली चार चौकटींची जागा होती. ती त्यांनी भरली. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेवढीच जागा रिकामी होती, तीही भरली. दीड लाख पाने झाली ती अशीच.